गाईजात्रेच्या गल्ल्या

काठमांडूच्या खोऱ्यात सकाळी दहाला जेवण होतं. पहाटे चहा, दहाला पोटभर डाळ-भात-तरकारी, मग दिवसभराची कामं. चारच्या सुमाराला 'खाजा' म्हणून काहीतरी तोंडात टाकायचं आणि रात्री पुन्हा भात. सांगलीत न्याहारीवर वाढलेल्या माझ्या पोटाला हे अंगवळणी पडायला वेळ लागला. पोहे इथेही आहेत, पण ते भिजवायचे नाहीत, फोडणीला टाकायचे नाहीत. आलं, काळे सोयाबीन आणि भाजून मसाला लावलेलं रेड्याचं मांस यांच्याबरोबर कोरडेच चावत बसायचे. माझ्या आजीने हे पोहे पाहिले असते तर मांसापेक्षा त्या कोरडेपणालाच जास्त नावं ठेवली असती.

पाटणमध्ये आम्ही जिथे उतरलो त्या घरच्या बाई नेवार, साठी ओलांडलेल्या. पहिल्याच जेवणाला त्यांनी विचारलं, "दाजुभाइ हो?" भाऊ-भाऊ आहात का? माझा जोडीदार अशा प्रश्नांना माझ्यासारखा बिचकत नाही. "नाही, जोडी," तो म्हणाला. बाई "ए" एवढंच म्हणाल्या आणि दोघांच्या वाटीत क्वाँटी वाढली. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत आम्ही कित्येक वर्षं 'मामेभाऊ' म्हणून काढली आहेत, म्हणून हे लिहायचं.

क्वाँटी म्हणजे मोड आलेल्या नऊ कडधान्यांचा रस्सा. तो श्रावणी पौर्णिमेला करायचाच. आपल्याकडे त्या दिवशी दर्याला नारळ आणि बहिणीची राखी. इथे जनैपूर्णिमा, म्हणजे जानवं बदलायचा दिवस, आणि ज्यांना जानवं नाही त्यांच्याही मनगटाला पिवळा-तांबडा दोरा बांधायचा दिवस. पाटणच्या कुंभेश्वराला जत्रा असते. डोंगरातून आलेले झाँक्री, म्हणजे तिकडचे देवऋषी, ढ्यांग्रो नावाचा ढोल वाजवत घुमत होते आणि मंदिराच्या कडेला ब्राह्मणांनी दोऱ्यांच्या गुंड्या घेऊन बैठक मारली होती. पुरुषांच्या उजव्या हाताला बांधायचा, बायकांच्या डाव्या. रांगेत माझ्यापुढे लाल साडीतली एक उंच व्यक्ती होती. गळ्यात हिरव्या पोतेच्या, म्हणजे काचमण्यांच्या, माळा, हनुवटीवर पावडरखालूनही दिसणारी दाढीची निळसर छाया. तिने डावा हात पुढे केला. भटजींनी एकदा वर चेहऱ्याकडे पाहिलं, मग हाताकडे, आणि मंत्र न थांबवता डाव्याच मनगटाला गाठ मारली. दक्षिणा घेतली आणि "अर्को" म्हणाले. पुढचा मी.

हा दोरा दिवाळीपर्यंत ठेवायचा आणि लक्ष्मीपूजेला गाईच्या शेपटीला बांधायचा. मेल्यावर हीच गाय वैतरणी पार करून नेते असा समज आहे. गाय, शेपूट, वैतरणी हे सगळं आपल्याही गरुडपुराणात आहे. फरक इतकाच, की आपण ते भटजींच्या तोंडून तेराव्यापर्यंत ऐकतो आणि मिटवतो. हे लोक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते रस्त्यावर काढतात.

त्या दुसऱ्या दिवसाचं नाव गाईजात्रा, नेवार लोकांचं सापारू. नेपाळी पंचांगात भाद्रपदाची वद्य प्रतिपदा, आपल्या पंचांगात श्रावणातलीच. वर्षभरात ज्या घरात माणूस गेलं असेल त्या घराने शहरातून एक गाय फिरवायची, आणि गाय परवडत नसेल तर एखाद्या पोराला गाय करायचं. आम्ही काठमांडूच्या असन बाजारात पोचलो तेव्हा अन्नपूर्णेच्या देवळापुढे अशा गाईच गाई होत्या. कपाळावर कागदाचा गाईचा मुखडा, भरजरी अंगरखा, आणि कोणत्या गाईला शोभतं कोण जाणे, पण ओठावर काजळाची मिशी. मागे घरची माणसं, कुणाच्या हातात गेलेल्याची तसबीर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बायका टोपल्या घेऊन बसलेल्या. प्रत्येक गाईला केळं, दूध, पेढा, नाणं, आणि काळाप्रमाणे वाईवाईचं पाकीट. एका छोट्या गाईने नूडल्सचं पाकीट तिथेच फोडून कोरडंच खायला सुरुवात केली. तिच्या आईने डोळे वटारले आणि मग, रडून सुजलेल्या डोळ्यांनीच, हसली.

गोष्ट अशी सांगतात. सतराव्या शतकात काठमांडूवर प्रताप मल्ल राज्य करत असताना त्याचा मुलगा गेला आणि राणी हसेना. राजाने दवंडी पिटली, की ज्यांच्या घरी यंदा कुणी गेलं आहे त्या सगळ्यांनी महालापुढून जावं. राणीने पाहावं, की दुःख तिच्या एकटीच्या घरी आलेलं नाही. तरी राणी हसेना. तेव्हा लोकांनी सोंगं काढली, राजाच्या दरबाऱ्यांच्या नकला केल्या, पुरुष बायका झाले, आणि राणी हसली. त्या दिवसापुरती थट्टेला सजा नाही, हा संकेत तेव्हापासूनचा. पुढे 1960 ते 1990 या पंचायती राजवटीत राजकीय पक्षांना बंदी होती, तेव्हाही गाईजात्रेचे विनोदी अंक आणि रंगमंचावरचे टोमणे चालायचे. वर्षभर तोंड शिवलेल्या माणसांना एक दिवस बोलता येई.

बोलता येई, तसंच नेसता येई. या दिवशी कोण काय नेसून चाललं आहे हे विचारायची पद्धतच नाही. ही फट काही लोकांनी बरोबर हेरली.

सुनीलबाबू पंत यांनी 2001 मध्ये नील हीरा समाज ही संस्था काढली तेव्हा देशात राजा होता, माओवाद्यांशी युद्ध चालू होतं, आणि समलिंगी व पारलिंगी माणसांसाठी उघडपणे काही करायचं तर लैंगिक आरोग्याचं नाव पुढे करावं लागे. 2004 च्या ऑगस्टमध्ये या संस्थेच्या 39 जणांना पोलिसांनी काठमांडूत एकदम उचललं आणि जवळजवळ दोन आठवडे कोठडीत ठेवलं. अशा शहरात नुसता मोर्चा काढणं म्हणजे काय असेल? पण गाईजात्रेला सगळेच सोंगात असतात. तिथे आणखी शंभर जण साडी नेसून आले तर पोलीस कुणाला धरणार? म्हणून इथला प्राइड गाईजात्रेच्या पाठीवर बसून येतो.

थमेलला तो जमला तेव्हा पाऊस रिमझिमत होता. मी मुंबईचा मोर्चा पाहिला आहे, पुण्याची पदयात्रा पाहिली आहे. तिथे पंख, टिकल्या, इंग्रजी फलक आणि ढोल असतो. इथे पहिल्यांदा डोळ्यांत भरले ते कपडे. तांबड्या काठाच्या काळ्या हाकु पटासीतल्या नेवारणी, मगर पेहरावातली एक उंचनिंच टोळी, थारूंची चांदी, ढाका टोपी घातलेल्या मुली आणि गुन्यू-चोलो हा बायकी पेहराव नेसलेले, मिशा ठेवलेले दोन दांडगे. इंद्रधनुषी झेंडा होताच, पण माणसं जणू लग्नाला निघाल्यासारखी आपापल्या जातीजमातीचं ठेवणीतलं लेवून आली होती. मगरांच्या मारुनी नाचात पुरुषच बाई होऊन नाचतात, ही तिकडची फार जुनी रीत. ते नाचणारे सर्वांत पुढे होते, आणि त्यांच्यातलं कोण रीतीने नाचतंय नि कोण हौसेने, हे ओळखायची सोय नव्हती.

थमेल संपलं तसा परदेशी पाहुण्यांचा रस्ता मागे पडला आणि खरं शहर सुरू झालं. गल्ल्या इतक्या अरुंद, की वरच्या सज्जातल्या बाईने हात खाली केला तर झेंड्याचं टोक हाताला लागावं. असनच्या पुढे, इंद्रचोकाच्या अलीकडे, आमची मिरवणूक थांबली. बाजूच्या बोळातून एक घर आपली गाय घेऊन येत होतं. पुढे सात-आठ वर्षांचा मुलगा, मागे पांढऱ्या कपड्यांतला तरुण बाप, हातात एका बाईची तसबीर. आमच्याकडच्या एका पोराने हात वर केला, आणि ढोल, शिट्ट्या, स्पीकर सगळं बंद झालं. ते घर आमच्यात शिरलं आणि आमच्यातूनच पलीकडे गेलं. तेवढ्यात मला दिसलं, की आमच्या मिरवणुकीतही तसबिरी आहेत. माझ्या बाजूलाच एकीच्या छातीशी फोटो होता, विशीतल्या, भुवया कोरलेल्या माणसाचा.

"नातेवाईक?" मी हिंदीत विचारलं.

"नाही दाइ. हिच्या घरच्यांनी गाय काढली नाही. म्हणून आम्ही काढली."

पायरीवर टोपली घेऊन बसलेल्या म्हातारीने त्या घरच्या गाईला केळं दिलं होतं. मिरवणूक हलली तशी तिने आमच्या तसबिरीवाल्यांनाही केळी द्यायला सुरुवात केली. वरची संपली तेव्हा टोपलीत हात घालून तळची काढली. ती कुणाला देते आहे हे तिला माहीत होतं का, हा प्रश्न माझ्या जोडीदाराने मला विचारला. मला वाटतं पुरतं माहीत होतं. काठमांडूच्या जुन्या बाजारात बसणाऱ्या बायकांना सगळं माहीत असतं.

इंद्रचोकाजवळ पोतेचा बाजार आहे. काचेच्या बारीक मण्यांच्या, लग्न झालेल्या बायकांनी घालायच्या माळा. आपल्या काळ्या मण्यांचं काम इथे हिरवे-तांबडे मणी करतात, आणि ते ओवून विकतात मुख्यतः पिढीजात मुसलमान व्यापारी. मिरवणुकीतल्या दोघी मध्येच तिथे थांबून भाव करू लागल्या. दुकानदार एकीला "दिदी, ही तुमच्या रंगाला उठून दिसेल" म्हणत होता. मला मात्र सज्जांतलं हसू ऐकू येत होतं. दुष्ट नव्हतं ते. सणाचं होतं. पण गाईजात्रेच्या दिवशी सज्जातला माणूस साडीतल्या पुरुषाला हसतो तेव्हा तो नक्की कशाला हसतो?

हा प्रश्न महाराष्ट्रातून आलेल्याला टाळता येत नाही. बालगंधर्वांच्या शालूंची आणि केशरचनांची नक्कल घरंदाज बायकांनी केली, आणि त्याच समाजाने तमाशातल्या नाच्याला शिट्ट्या मारल्या. गणपत पाटलांना पडद्यावरच्या नाच्याने पडद्याबाहेरही पाठ सोडली नाही. संसारी माणूस, पण लोकांनी त्यांना रस्त्यातही नाच्याच ठरवलं. दशावतारातल्या स्त्रीपार्टीचं कोकणात कौतुक होतं, ते दिवट्या विझेपर्यंत. आपण सोंगाला जागा देण्यात कधीच कंजूष नव्हतो. सोंग उतरवल्यावर तोच चेहरा खाली निघाला, की आपली अडचण होते. 2008 च्या आसपास आपल्याकडच्या मोर्चांत लोक मुखवटे लावून चालायचे, घरचे टीव्हीवर पाहतील म्हणून. मीही लावला होता. असनमधल्या पोरांचे कागदी मुखडे पाहताना मला तो आठवला.

संध्याकाळी पाटणच्या मंगलबाजारात चहा घेताना भेटलेली तरुण मंडळी मिरवणुकीला मुद्दाम आली नव्हती. विशी-पंचविशीतली चौघं. त्यांचं म्हणणं अगदी स्पष्ट होतं. गाईजात्रा हा मेलेल्यांसाठी असलेला नेवारांचा विधी आहे, त्यात घुसायचा आपल्याला काय अधिकार? आणि थट्टेच्या दिवशी हक्क मागितले तर लोक हक्कांनाही थट्टाच समजणार. म्हणून 2019 पासून तरुण मंडळी जूनमध्ये वेगळा मोर्चा काढतात, जगभराबरोबर. त्यांच्यातली एक नेवारच होती. ती म्हणाली, "माझ्या आजोबांची गाय गेल्या वर्षी काढली. त्या दिवशी मला माझ्याबद्दल काही बोलायचं नव्हतं." यावर काय बोलणार?

मी त्या तसबिरीची गोष्ट सांगितली. ती गप्प राहिली, पण तिचं मत बदललं नाही, आणि का बदलावं? पुण्यात 2017 मध्ये पदयात्रेला साध्या कपड्यांत यावं की नाही यावरून केवढं रण माजलं होतं. एक पिढी म्हणते, लोकांना झेपेल अशा वेशात आधी आत शिरू. दुसरी म्हणते, झेपवून घ्यायचं काम लोकांचं. पहिल्या पिढीने दार किलकिलं केलं नसतं तर दुसरीला आत येऊन भांडता आलं नसतं, हे खरं. पण भांडण चूक ठरत नाही. माझा कल म्हाताऱ्यांकडे आहे, कारण मीही आता त्यांच्यातच जमा आहे.

कायद्याच्या बाबतीत मात्र या देशाने शेजाऱ्यांना लाजवलं. नील हीरा समाज, मितिनी नेपाल आणि आणखी दोन संस्थांच्या अर्जावर 21 डिसेंबर 2007 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भेदभावाचे कायदे बदला, तिसऱ्या लिंगाला मान्यता द्या, समलिंगी विवाहाचा अभ्यास करायला समिती नेमा. पुढच्याच वर्षी पंत संविधान सभेत गेले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या नालसा निकालात तृतीयपंथीयांना मान्यता दिली, तेव्हा या नेपाळी निकालाचा दाखला घेतला होता. 2015 च्या नेपाळी संविधानात 'लैंगिक तथा यौनिक अल्पसंख्यक' हे शब्द आले, पासपोर्टवर तिसरा रकाना आला. पण 2021 च्या जनगणनेत त्या 'अन्य'मध्ये सापडले फक्त 2,928 जण. जवळपास तीन कोटींच्या देशात! मंगलबाजारातली चौघं आकडा सांगून हसली. गणक दारात आला, उत्तर बापाने दिलं. शिवाय सगळ्यांना 'अन्य' नकोच असतं. रुक्षणा कपाली यांना कागदावर 'महिला' हवं होतं, त्यासाठी त्या वर्षानुवर्षं न्यायालयात झगडल्या आणि जिंकल्या.

भक्तपूरला गाईजात्रा आठवडाभर रेंगाळते. तिथे दांडक्यावर दांडकं मारत दोन-दोन रांगांचा घिंताङघिसी नाच चालतो, ताल इतका साधा की पाहणाऱ्याचे पायही हलतात. नाचात कितीतरी पुरुष बायकी वेशात होते. त्यांच्यात झेंडा नव्हता, फलक नव्हता, कुणी विचारत नव्हतं. मातीच्या परळातलं जुजु धौ खाल्लं. इतकं घट्ट दही चितळ्यांच्या डेअरीबाहेर प्रथमच खाल्लं, असं मोठ्याने म्हटल्यावर जोडीदाराने मला जरा गप्प बसायला सांगितलं.

तिथून आम्ही लमजुङला गेलो, मुद्दाम. त्रिशूलीच्या काठाकाठाने, मग डुम्रेला वळून मर्स्याङ्दीच्या अंगाने वर. भातशेतीच्या पायऱ्या इतक्या हिरव्या की डोळे चुरचुरावेत, नदी गढूळ राखाडी, घरांच्या ओसरीला मक्याच्या कणसांचे झुबके. जून 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की अंतिम निर्णय होईपर्यंत समलिंगी आणि पारलिंगी जोडप्यांची लग्नं वेगळ्या वहीत तात्पुरती नोंदवा. काठमांडूच्या जिल्हा न्यायालयाने तरी नोंद नाकारली. नोंद झाली ती या डोंगरातल्या दोर्दी गाउँपालिकेत, 29 नोव्हेंबर 2023 ला. एक पारलिंगी स्त्री, जिच्या कागदावर अजून 'पुरुष' होतं, आणि तिचा नवरा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला नकार दिला त्याला तेव्हा दीड महिनाही झाला नव्हता. पुढच्या फेब्रुवारीत बर्दिया जिल्ह्यात दोन स्त्रियांचीही नोंद झाली. वही तात्पुरती आहे, वारसाहक्कासारख्या गोष्टी तिच्यात बसत नाहीत. पण वहीत नाव आहे.

मला वाटलं होतं, इथे काहीतरी दिसेल. काय दिसणार? गावकचेरीसारखी कचेरी, टेबलावर फायली, बाहेर छत्र्या. आम्ही बेसीसहरजवळच्या एका टपरीत बसलो. चालवणारी गुरुङ दिदी. तिने नाचणीचा ढिडो घाटला आणि बरोबर गुन्द्रुकचा, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याचा, आंबट रस्सा वाढला. मी लग्नाचं विचारलं.

"हो, झालं की. लई कॅमेरेवाले आले होते," या अर्थाचं ती हिंदी-नेपाळी मिसळून म्हणाली. "दिवसभर इथे उभे. कुणी जेवलं नाही. चहा तेवढा प्यायले. तुम्ही पत्रकार?"

"नाही."

"मग खा."

गावाला काय वाटलं, असं मी खोदून विचारलं. तिने हात उडवला. काहींना वाटलं, काहींना नाही. गावातली अर्धी पोरं कतार-दुबईला आहेत, उरलेली भारतात. जी दोघं इथे आहेत, आणि संसार करू म्हणतात, त्यांना कशाला बोलायचं. त्यापेक्षा रस्त्याचं लिहा, ती म्हणाली, पावसात दरड आली की गॅसची टाकी चार दिवस वर येत नाही. रस्त्याबद्दल ती बराच वेळ बोलली आणि आमच्या संबंधात तिला एकाच गोष्टीत रस निघाला. आम्ही पुण्याचे.

तिचा भाचा हिंजवडीला एका हॉटेलात मोमो करतो. दोन वर्षांत घरी आलेला नाही. तिने आतून वाळलेल्या गुन्द्रुकच्या दोन पिशव्या आणल्या, वर्तमानपत्रात बांधल्या आणि वहीचं पान फाडून माझ्यापुढे ठेवलं. आमचा पत्ता लिहा, तो येऊन घेऊन जाईल. मी नाव लिहिलं, पत्ता लिहिला. तिने पेन माझ्या हातून घेऊन जोडीदाराला दिलं.

"याचाही लिहा. एकजण घरी नसला तर?"

"पत्ता एकच आहे दिदी."

"मग नाव तरी लिहा खाली. पोरगं लाजाळू आहे, दारावर कुणाला विचारायचं ते कळायला नको?"

त्याने माझ्या नावाखाली आपलं नाव लिहिलं. गुन्द्रुकचा आंबट वास बॅगेतल्या सगळ्या कपड्यांना लागणार म्हणून तो तेवढ्यातल्या तेवढ्यात मराठीत कुरकुरला. भाच्याची सुट्टी सोमवारची असते, रविवारी हॉटेल सोडवत नाही. सोमवारी दोघांपैकी कुणीतरी घरी असाल ना, हे दिदीने आमच्याकडून दोनदा वदवून घेतलं.